शब्दचर्चा : ‘ह्यांनी सुपारी घेतलेली’ – सबटायटलमध्ये काय लिहायला हवं होतं?

लालबागची लेक

परवा रात्री एका वाहिनीवर मुंबईतल्या गुन्हेगारीवरचा माहितीपट लागला होता. गिरणगाव, डोंगरी, नागपाडा, टोळ्या, चकमकी, असं सगळं. आई आणि मी जेवता जेवता बघत होतो. त्यात चाळीतल्या एक आजी १९८२ च्या गिरणी संपाच्या दिवसांबद्दल बोलल्या. त्यांचं बोलणं मी नंतर पुन्हा लावून जसंच्या तसं उतरवून घेतलं : “संपात पगार कुठला? ह्यांनी सुपारी घेतलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा कपडे लालेलाल. म्हटलं, चला, रेशन तरी भरता येईल.”

खाली इंग्रजी सबटायटल आलं, त्याचा अर्थ असा : नवऱ्यानं खुनाचं काँट्रॅक्ट घेतलं होतं, सकाळी घरी आला तेव्हा कपडे रक्तानं माखलेले होते.

आईचा घास हातातच राहिला. आजींच्या मागे भिंतीवर हार घातलेला फोटो स्पष्ट दिसत होता. गळ्यात बेंजो अडकवून उभा असलेला माणूस! ती सुपारी विसर्जनाच्या मिरवणुकीची, आणि लाल म्हणजे गुलाल. आजी ‘गुलाल’ म्हणाल्या नाहीत, कारण लालबागमध्ये ते कुणाला सांगावं लागत नाही. आता माहितीपटाखालच्या प्रतिक्रियांमध्ये लोक त्यांना ‘खुन्याची बायको’ म्हणताहेत. कुणी त्यांच्या ‘थंडपणाचं’ कौतुक करतंय. मला हे बघवत नाही.

तर प्रश्न असा की इथे सबटायटलमध्ये नेमकं काय लिहायला हवं होतं? आणि आमच्या घरात ज्या शब्दानं चूल पेटायची, त्याचा हा एकच अर्थ कधीपासून उरला?

पट्टीवाली

ताई, मी हेच काम करते, म्हणून आतली बाजू सांगते. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि प्रेक्षकाला वाचायला दोन-चार सेकंद. पुष्कळदा आमच्या हातात चित्र येतच नाही, कुणीतरी उतरवून काढलेला नुसता मजकूर येतो. भिंतीवरचा फोटो त्या अनुवादकानं पाहिलाच नसेल. वर नाव ‘गुन्हेगारी’, आधीच्या प्रसंगात गोळीबार, मग ‘सुपारी’ आणि पाठोपाठ ‘लालेलाल’. त्याचा हात आपोआप तिकडे गेला असणार. तरीही ‘रक्त’ हा शब्द आजींच्या तोंडी कुठेच नव्हता, तो त्यानं पदरचा घातला. ही चूक मी माफ करणार नाही.

मी असते तर ‘त्यांना मिरवणुकीत वाजवायचं काम मिळालं होतं’ एवढंच लिहिलं असतं. आणि लालेलालपुढे ‘गुलालानं’ हा एक शब्द जोडला असता. ४२ अक्षरांत सहज बसतं.

नारायणगावकर

‘काम मिळालं’ म्हटलं की सुपारीतला मान गेला. आमच्याकडे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच येतात, राहुटीत बसतात, तारीख आणि बिदागी ठरते, इसार दिला जातो. त्याला सुपारी म्हणतात. एकदा घेतली की मोडायची नाही, मग घरात कुणी आजारी असो. माझे वडील ढोलकीला होते. अंगात ताप असताना त्यांनी सुपारी पुरी केलेली मी लहानपणी पाहिली आहे. जागरण-गोंधळ घालणारे, बँडवाले, वाघ्या-मुरळी, सगळ्यांचा हाच शब्द. लग्न ठरलं की आपण ‘सुपारी फुटली’ म्हणतो, तेही याच कुळातलं. गुंडांनी तो आमच्याकडून उचलला, आम्ही त्यांच्याकडून नाही.

शब्दवेडा

मूळ त्याच्याही मागे आहे. विडा उचलणे! १६५९ साली अफझलखानानं विजापूरच्या दरबारात विडा उचलल्याची कथा आपण सगळे ऐकत आलो. विड्यात सुपारी असतेच. जिवावरची कामगिरी पत्करण्याची ती खूण. म्हणजे मारण्याचा अर्थ शब्दाला पहिल्यापासून चिकटलेला आहे, वाजवण्याचा नंतर आला असावा.

नारायणगावकर

नाही पटत. विडा दरबारात ठेवलेला असतो आणि उचलणारा आपण होऊन पुढे येतो. त्यात पैशाची बोली नाही, पराक्रमाची आहे. सुपारी मात्र देणारा देतो आणि घेणारा घेतो. आधी इसार, उरलेले काम झाल्यावर. टोळीवाल्यांचा व्यवहार यातल्या कशाशी जुळतो ते तुम्हीच बघा. शिवाय विडा ‘उचलतात’, सुपारी ‘घेतात’. क्रियापद सांगतंय की घर वेगळं आहे.

सोपारकर

तुम्ही दोघंही उशिराच्या काळात घुटमळताय. सुपारी हे नावच आमच्या सोपाऱ्याचं आहे. शूर्पारक, मग सोपारा, आणि त्या बंदरातून जी जायची ती सुपारी. सोपारा हे साधंसुधं गाव नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आज लोकलच्या गर्दीसाठी आणि पोलिसांच्या बातम्यांसाठी नालासोपाऱ्याचं नाव घेतात, म्हणून मी हे प्रत्येक ठिकाणी सांगतो.

शब्दवेडा

बंदराचं प्राचीनत्व मान्य. पण बंदर जुनं म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. सुपारी तर श्रीवर्धनची रोठासुद्धा नावाजलेली, तिला कुणी श्रीवर्धनी म्हणून थांबलं नाही.

सोपारकर

‘श्रीवर्धनी’ असंच म्हणतात! पानवाल्याला विचारा.

निवृत्त हवालदार

मध्ये बोलतो, माफ करा. पोलिसात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच भायखळा ते काळाचौकी या पट्ट्यात. सुपारी हा शब्द जबाबात यायचा, कारण जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत घ्यायचा असतो. वरच्या कागदांत आम्ही ‘पैसे घेऊन खून करण्याचा कट’ असं लिहायचो, जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं १२०-ब आणि ३०२. आता भारतीय न्याय संहितेत कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या यादीत काँट्रॅक्ट किलिंगचा नावानिशी उल्लेख आहे.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझा अनुभव असा. मी नोकरीला लागलो तेव्हा वस्तीत ‘सुपारी’ म्हटलं की लोक आधी ‘कसली?’ असं विचारायचे. १९९७ नंतर विचारायचे बंद झाले. त्या जानेवारीत १६ तारखेला पवईत डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमारना. वर्षभर पेपरात रोज सुपारी, सुपारी, सुपारी. वस्तीनं दिलेला अर्थ पेपरानं पुसला, असं माझं मत आहे. आणि ज्या संपाबद्दल त्या आजी बोलत होत्या त्याच संपाच्या पुढाऱ्याच्या खुनाला हा शब्द लागला, ही गोष्ट मला फार लागते.

माहितीपटात खंडणी आणि हप्ता एकच केले आहेत, तेही चूक. हप्ता ठरावीक दिवशी जातो. खंडणीला दिवस नसतो, फोन येतो.

चौथाई

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण ‘खंडणी’ हा शब्द गुंडांना बहाल करण्याला माझा ठाम विरोध आहे. मराठ्यांच्या राज्यव्यवहारातला तो शब्द आहे, चौथ आणि सरदेशमुखीच्या जोडीचा. खंडणे म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. आजही आमच्याकडे जमीन ‘खंडाने’ कसायला देतात. धमकावून उकळलेल्या पैशाला ‘उकळपट्टी’ म्हणा की! तसंच ‘काँट्रॅक्ट किलिंग’ कशाला? ‘भाडोत्री हत्या’ म्हणा. ‘एन्काउंटर’ नको, ‘चकमक’ म्हणा.

गिरगावची काकू

चौथाईदादा, खंडणी देणाऱ्याला ती राज्यव्यवहाराची वाटत असेल का, हेही एकदा विचारा. माझ्या सासऱ्यांचं दुकान होतं. त्यांच्याकडे मागायला आलेला माणूस ‘उकळपट्टीसाठी आलोय’ असं म्हणाला नव्हता.

‘चकमक’ मात्र विचार करून वापरा. चकमक म्हणजे गारगोटी आणि पोलाद, दोन्ही आदळल्यावर ठिणगी. म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीतरी झालं, हे त्या शब्दात आधीच मान्य केलेलं आहे. ‘एन्काउंटर’ म्हटलं की मुंबईतला माणूस जे समजायचं ते समजतो. इथे शुद्ध मराठी शब्दच खोटी साक्ष देतो आणि परका शब्द खरं बोलतो.

निवृत्त हवालदार

काकू, सगळ्या चकमकी खोट्या नव्हत्या. माझे सहकारी जखमी झालेले आहेत.

गिरगावची काकू

सगळ्या खोट्या असं मी म्हटलेलं नाही. ते प्रत्येक वेळी तपासून ठरावं, शब्दानं परस्पर ठरवू नये, एवढंच.

पट्टीवाली

मूळ प्रश्न मागे पडतोय, पण याच माहितीपटातला दुसरा एक शब्द विचारते. मराठी निवेदनात ‘इनर सिटी’ला ‘अंतर्नगर’ असं ऐकलं. कानाला खडा लागला. काय म्हणाल?

चौथाई

‘अंतर्नगर’ उत्तम आहे. रुळला की खटकणार नाही. ‘महापौर’सुद्धा सावरकरांनी दिला तेव्हा अनेकांना खटकला होता.

परळ टीटी

मला नाही चालणार. महापौराचं पद सगळ्या शहरांत एकसारखं असतं, वस्त्या तशा नसतात. परदेशात ‘इनर सिटी’ म्हटलं की पैसेवाले उपनगरात निघून गेल्यावर मागे राहिलेला गरीब मधला भाग. मुंबईत तसं झालं कुठे? इथे इंग्रजांच्या काळात किल्ल्याच्या आत साहेब आणि व्यापारी, तटाबाहेर ‘बाहेरकोट’. म्हणजे आमची दाट वस्ती नावातच बाहेरची होती. १८६० च्या दशकात तट पाडले, मग त्याच्याही उत्तरेला गिरण्या वाढल्या. ज्याला कोटाबाहेर ठेवलं त्यालाच आता ‘अंतर्’ म्हणायचं? बोरिवलीचे माझे मामा अजून परळला येताना ‘मुंबईला जातो’ म्हणतात, पुण्याचे लोक पेठेत जाताना ‘गावात जातो’ म्हणतात. प्रत्येक शहराचं आत-बाहेर वेगळं असतं. सरळ ‘गिरणगाव’ म्हणावं, आणि डोंगरी असेल तर ‘डोंगरी’.

आणि माझी खरी तक्रार निराळी आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माहितीपटात त्याला एक मिनिट, आणि त्यानंतर लगेच ‘बेकार पोरं टोळ्यांकडे वळली’. काही वळली, नाही म्हणत नाही, माझ्या वर्गातला एक वळला. बाकीच्यांनी काय केलं? कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी जाऊन शेती केली, बायकांनी खानावळी चालवल्या, पापड लाटले. आजींचं ते एक वाक्य या बाकीच्यांबद्दलचं होतं. नेमकं तेच सबटायटलनं टोळीत ढकललं.

नारायणगावकर

परळकरांचं शंभर टक्के बरोबर. त्या काळात लालबागच्या हनुमान थिएटरला येणारा माणूस गिरणीतलाच. गिरणी बंद म्हणजे आमचंही तिकीट बंद. संप आमच्या घरातही शिरला होता.

शब्दवेडा

विड्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

लालबागची लेक

सगळ्यांचे आभार. पट्टीवालीताईंचं वाक्य मी वाहिनीला कळवलं आहे, परळकरांनी म्हटलेलं तेही जोडलंय. अजून उत्तर नाही.

आईनं त्या फोटोतल्या बेंजो पार्टीला ओळखलं. माणूस नाही, पण ड्रेस ओळखला, निळा कोट आणि खांद्यावर सोनेरी पट्टी. माझ्या मावशीच्या हळदीला हेच वाजवायला आले होते, संपाच्याच वर्षात. आजोबाही संपावर होते, तेव्हा पूर्ण पैसे द्यायला नव्हते. आजोबांनी लाल फडक्यात एक सुपारी आणि अकरा रुपये बांधून दिले आणि बाकीचे संप मिटल्यावर देतो म्हणाले. पार्टीवाल्यांनी ते फडकं कपाळाला लावून घेतलं. संप कधी रीतसर मिटलाच नाही. बाकीचे पैसे दिले की नाही, हे आईला आठवत नाही. काल रात्रीपासून ती तेच आठवत बसली आहे.

परळ टीटी

ताई, त्या आजी कुठल्या चाळीत राहतात ते इथे लिहू नका, प्रतिक्रिया देणारे लोक तिथेही पोचतील. पण आईंना घेऊन तुम्ही जाऊन या.

सोपारकर

जाताना सुपारी घेऊन जा. आणि एक विचारायचं राहिलं, ‘बेंजो’ की ‘बॅन्जो’? आमच्याकडे त्याला बुलबुलतरंगही म्हणायचे.

नारायणगावकर

बेंजोच. वाजवणारा जे म्हणतो ते. पण ‘बुलबुलतरंग’ नाव कुठून आलं, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.