व्हायरल न्यूमोनियात डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे) चढलाय, डीआयसी (अंगभर गुठळ्या होऊन गोठवणारे घटक संपणं) धरायची का?

मेडिसिन_रेसिडेंट
कोविड न्यूमोनिया, वय ५८, वजन ७० किलो, व्हेंटिलेटरवर. प्लेटलेट १ लाख ९० हजार, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) १४.५ सेकंद (कंट्रोल १२.५), फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) ६२०. डी-डायमर सकाळी आमच्या लॅबमध्ये १.८, संध्याकाळी बाहेरच्या लॅबमध्ये ३६००! एनॉक्सापॅरिन (गुठळी रोखणारं हेपारिन-गटातलं इंजेक्शन) ४० मिग्रॅ चालू आहे. ७० मिग्रॅ दोनदा, म्हणजे पूर्ण डोस, करू का?

निळी_ट्यूब
आधी रिपोर्टवरचं एकक बघा, डी-डायमर डीडीयू आणि एफईयू अशा दोन एककांत मोजतात. १.८ मायक्रोग्रॅम डीडीयूमध्ये आणि ३६०० नॅनोग्रॅम एफईयूमध्ये असेल, तर काहीच वाढलेलं नाही. एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. चढउतार बघायचा तर एकाच लॅबमध्ये.
पीटीसाठी ३.२ टक्के सायट्रेटची (रक्त गोठू न देणारं द्रावण) ट्यूब खुणेपर्यंत भरली होती ना? नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट लागतं. रक्त कमी पडलं की पीटी उगाच लांबतो.

आयसीयू_नाइट
ही डीआयसी नाही. डीआयसीत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन खर्ची पडतात, इथे फायब्रिनोजेन उलट चढलंय. आयएसटीएच स्कोअर (डीआयसी ओळखायची गुणपद्धत) मांडा: प्लेटलेट ०, पीटी ०, फायब्रिनोजेन ०, डी-डायमरचे फार तर ३. डीआयसी म्हणायला ५ लागतात. इथे दाहामुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि फुप्फुसातच बारीक गुठळ्या होतात.
डोस वाढवू नका. २०२१च्या एकत्रित चाचण्यांत पूर्ण डोसचा फायदा वॉर्डातल्या रुग्णांना झाला, आयसीयूतल्या गंभीर रुग्णांना नाही. त्यांच्यात मोठा रक्तस्राव मात्र पूर्ण डोसवर ३.८ टक्के, नेहमीच्या डोसवर २.३. नुसत्या डी-डायमरवर डोस ठरवणं मला तरी पटत नाही. ऑक्सिजन एकाएकी घसरला, बीपी पडलं, एक पाय सुजला, तर बेडसाइड इको आणि डॉप्लर. शक्य असेल तर सीटी अँजिओ.

मेडिसिन_रेसिडेंट
कळलं सर. पण क्रिएटिनिन चढतंय, किडनी मंदावतेय.

आयसीयू_नाइट
क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची गती) ३०च्या खाली गेला की एनॉक्सापॅरिन साठत जातं. साधं हेपारिन ५००० युनिट त्वचेखाली, ८ ते १२ तासांनी.
पुढे गुठळी सापडून हेपारिनची ड्रिप लावावी लागली, तर एपीटीटीवर (हेपारिनचा असर बघायची गोठण्याच्या वेळेची चाचणी) विसंबू नका. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (एक अँटिबॉडी) तो लांबवतो, वाढलेला फॅक्टर आठ (रक्त गोठवणारा घटक) आखडवतो. त्याऐवजी अँटी-टेन-ए (हेपारिनचा असर थेट मोजणारी चाचणी) ०.३ ते ०.७ ठेवा.

निळी_ट्यूब
प्लेटलेट रोज बघा. पाचव्या ते दहाव्या दिवसात निम्म्यावर आल्या तर एचआयटीची (हेपारिनमुळेच प्लेटलेट घटून गुठळ्या होणं) शंका घ्या, ४टी स्कोअर (ती शक्यता मोजायचे गुण) काढा. शंका पक्की वाटली तर हेपारिन पूर्ण बंद, लाइनच्या फ्लशमधलंसुद्धा. तेच हमखास विसरलं जातं. मग हेपारिनऐवजी अर्गाट्रोबॅन; दुसरा पर्याय फोंडापॅरिनक्स, पण या किडनीला तो नको.