"माणसाचा स्पर्श न झालेलं" जंगल म्हणे! मग खडकात ती कडी अस्वलाने ठोकली का?

थंडरबेची_काकू
मुसाफिर७ यांचा क्वेटिकोच्या (कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचं तळ्यांनी भरलेलं वनउद्यान) कनू (वल्ह्यांची हलकी होडी) सहलीचा लेख वाचला आणि चहा गार झाला. म्हणे "माणसाचा स्पर्श न झालेल्या" जंगलात आत आत गेल्यावर यांना तळ्याकाठच्या खडकात लोखंडी कडी दिसली. मागे झाडीत चौकोनी खड्डे. अमेरिकेतल्या ईली गावाकडे परतताना सीमेवरच्या बासवूड तलावात पाण्यातून वर आलेली, कुठेच न जाणारी खांबांची रांग. निष्कर्ष काय? एक, "गूढ". दोन, "हा कचरा खात्याने काढून टाकावा". दोन्ही एकाच परिच्छेदात!

अहो, क्वेटिकोत लाकूडतोड १९७१ पर्यंत चालू होती. ओंडक्यांची माळ साखळीने जोडून तिच्या वेढ्यात बाकीचे ओंडके तरंगत ठेवायचे आणि माळेचं टोक काठाला बांधायचं. कडी त्यासाठी. चौकोनी खड्डे म्हणजे बहुधा तोडकऱ्यांचा तळ: खोल्यांना गारवा लागू नये म्हणून भिंतीबाहेर मातीचे बांध घालत. लाकूड कुजलं, बांध राहिले. आणि ते खांब हॉइस्ट बे मधले. तिथे ओंडके पाण्यातून उचलून रेल्वेच्या वाघिणींवर चढवत. होय, रेल्वे!

पण माझा राग कडीवरून नाही, "स्पर्श न झालेलं" यावरून आहे. ज्या पायवाटेने कनू डोक्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्यात गेलात, ती इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे लोकांच्या पायांनी पडली. लॅक ला क्रॉ तलावाच्या कातळांवर गेरूने काढलेले हाताचे पंजे आणि मूस (मोठी हरणं) आहेत. सरकारशी झालेल्या १८७३ च्या "तिसऱ्या करारा"नंतर याच क्वेटिकोत स्टर्जन लेकवर त्यांना राखीव जमीन मिळाली होती. आधी माणसं हुसकली, मग १९१५ मध्ये ती राखीव जागाच रद्द केली. ऑन्टारियो सरकारने विधिमंडळात माफी मागितली तेव्हा १९९१ उजाडलं होतं. जंगल निर्मनुष्य नव्हतं, केलं गेलं.

मुसाफिर७
काकू, प्रवासवर्णन लिहिलं होतं, प्रबंध नाही. कचऱ्याबद्दल मात्र मागे हटणार नाही. आम्हाला आत डबाबंद राजम्याचा टिन नेता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं टनभर लोखंड पडलेलं चालतं? एकाला नियम, दुसऱ्याला वारसा?

डॉ_शंकेखोर
अमेरिकेच्या बाजूला ऐतिहासिक नोंदीसाठी साधारण पन्नास वर्षांची अट आहे. त्यापुढे वस्तू "कचरा" राहत नाही.

मुसाफिर७
म्हणजे राजम्याचा टिन लपवून ठेवायचा आणि पन्नास वर्षं वाट बघायची. कळलं.

रुनी_राजे
कडीबद्दल इतकी खात्री? मिनेसोटात खडकांत तिकोनी भोकं सापडतात, तिथे व्हायकिंग लोक जहाजं काठाला बांधून ठेवत असत. तिथल्याच केन्सिंग्टनचा रून लिपीतला शिलालेख शोधून पाहा. मुख्य प्रवाहातले इतिहासकार असल्या गोष्टी दाबतात.

डॉ_शंकेखोर
आलेच! तो दगड १८९८ मध्ये एका शेतकऱ्याला सापडला आणि त्यावरची भाषा चौदाव्या शतकाची नाही असं भाषातज्ज्ञ तेव्हापासून सांगताहेत. भोकं सुरुंगाची: दारू भरायला पाडली, काही उडवायची राहून गेली. व्हायकिंग अमेरिकेत आले होतेच, न्यूफाउंडलंडला. १०२१ सालचं तोडलेलं लाकूड मिळालंय तिथे. पण तिथून बासवूड तलाव म्हणजे अर्धं खंड.

खरं नवल हवं असेल तर हे घ्या. १९६० मध्ये सीमेवरच्या ग्रॅनाइट नदीत, हॉर्सटेल रॅपिड्सच्या (खडकांतून उसळणाऱ्या प्रवाहाच्या) पायथ्याशी, पाणबुड्यांना एकात एक बसवलेली १७ पितळी पातेली मिळाली. फर व्यापाऱ्यांचा माल. सामान डोक्यावर वाहायचा कंटाळा केला असणार, कनू रॅपिड्समध्ये घातली आणि उलटली. आळस शतकानुशतकं टिकतो.

रुनी_राजे
"असणार." तुमचं "असणार" चालतं, आमचं नाही.

निळू_वल्हेकरी
ते सगळं सोडा. क्वेटिकोत मोटरबोटींना बंदी आहे ना? मग आम्ही पहाटे लून पक्ष्याचं ओरडणं ऐकत बसलो असताना फटफट करत बोट कशी गेली? परमिटचे एवढे डॉलर मोजायचे, ज्या दुकानाने कनू भाड्याने दिली त्याने गळकी दिली, आणि वर हे. तक्रार केली तर म्हणे "त्यांना परवानगी आहे".

थंडरबेची_काकू
आहेच. लॅक ला क्रॉच्या अनिशिनाबे वस्तीतले वाटाडे ठराविक तळ्यांवर मोटर वापरू शकतात. वरचं १९१५ वाचलं नाहीत वाटतं?

निळू_वल्हेकरी
वाचलं. पण शांतता सगळ्यांना सारखी हवी. आजोबांवर अन्याय झाला म्हणून नातवाने माझी झोप मोडायची?

थंडरबेची_काकू
तुमची झोप! ज्यांची गावं उठवली त्यांना पोट भरायला पर्यटकांना मासे दाखवायचं काम उरलं, त्यात मोटर लागते, आणि तुम्ही लून ऐकायला मिनियापोलिसहून गाडीच्या टपावर कनू बांधून येता. ती गाडी काय वल्ह्यांनी चालते?

गाळपेर_साताऱ्याची
इथे राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या आजीचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसतात, देवळाचा चौथरा दिसतो. दरवर्षी कुणीतरी ट्रेकर व्हिडिओ टाकतो, "पाण्याखालचं रहस्यमय गाव". खाली आत्या लिहिते, "बाळा, तो आमचा गोठा." त्याला तो प्रतिसाद आवडत नाही, कारण गोठा म्हटलं की व्ह्यूज जातात. वरचं रान आता अभयारण्य. आम्हाला कुलदेवतेला जायला परवानगी, आणि रिसॉर्टवाल्यांच्या जीपा रोज. निळूभाऊ, त्या बोटीवर माझी आत्या बसलीय असं समजा आणि झोपा.

निळू_वल्हेकरी
ताई, धरणाचा इथे काय संबंध? धरणाने वीज आली, उद्यानाने जंगल वाचलं. त्याच जंगलात लाकूड कंपन्या शिरल्या होत्या हे काकूंनीच लिहिलंय. उद्यान नसतं तर लून ऐकायलाही कुणी उरलं नसतं.

थंडरबेची_काकू
यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण १९०९ मध्ये राखीव वन झालं तेव्हा तोडीचे ठेके चालूच राहिले आणि हुसकलं कुणाला? ज्यांच्याकडे कुऱ्हाड कमी आणि जाळी जास्त होती त्यांना. तुमची शांतता त्या हिशेबातून आली.

निळू_वल्हेकरी
बरं, उद्यापासून कानात कापूस घालून येतो. सगळ्या पापांची फेड माझ्याच कानांनी होऊ दे.

गडभटक्या_पुणे
अवांतर: आमच्याकडे गडावर बुरुजावर बाण-बदाम कोरतात, त्यावर धागा काढला तर तीन प्रतिसाद आले होते.

मुसाफिर७
काकू, एक कबूल करायचं राहिलं. त्या खड्ड्यांपाशी एक हाती घडवलेला खिळा मिळाला, तो खिशात आलाय. आधीच सांगतो, ओरडू नका.

थंडरबेची_काकू
ओरडू नका? "कचरा काढून टाका" म्हणणाऱ्याने कचरा दिवाणखान्यात नेला? उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहा, कुठून उचलला ते सांगा, ते म्हणतील तसं करा. आणि कडीचा फोटो बाजूने घेतलेला असेल तर टाका, दांडा खडकात शिशाने बसवलाय की पाचर मारलीय ते पाहायचंय. फोटोतलं ठिकाण मात्र पुसून टाका, रुनी_राजे वाचताहेत.