‘कोझी मिस्ट्री’ला मराठीत काय म्हणावे?

मलप्रभाकाठ
माझी पहिली कादंबरी पूर्ण होत आली आहे आणि प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नावाखाली छापण्यासाठी एक ओळ मागितली आहे, म्हणजे पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे हे वाचकाला हातात घेताक्षणी कळावे. इंग्रजीत ज्याला ‘कोझी मिस्ट्री’ म्हणतात त्या प्रकारात ती मोडते. खून होतो, पण तो पानावर दिसत नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते, आपला कामधंदा सांभाळून चौकशी करणारी गावातलीच कोणीतरी असते. संशयित सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि शेवटी गुन्हेगार सापडून गावाची घडी पुन्हा बसते. माझी नायिका बेळगावच्या शहापुरात लोणच्या-पापडांचा उद्योग चालवते. गल्लीच्या पंचांपैकी एकाच्या मृत्यूनंतर त्यांच्या घरी तिनेच पोहोचवलेल्या बरणीच्या दादऱ्याची गाठ उलट्या हाताने मारलेली तिला दिसते आणि कथा तेथून सुरू होते. नुसते ‘रहस्यकथा’ छापले तर वाचक पिस्तूल, पाठलाग आणि वेषांतर यांची अपेक्षा धरून बसेल, कारण हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी त्या शब्दाला झुंजार आणि धनंजय यांचा चेहरा दिला आहे. प्रकाशकांनी ‘ऊबदार रहस्यकथा’ सुचवले आहे. माझ्या कानाला ते रुचत नाही, परंतु दुसरे सुचतही नाही.

निपाणीकर
ताई, ‘ऊबदार’ कृपया छापू नका. मराठीत ऊबदार म्हणजे रजई, स्वेटर किंवा फार तर आईची कूस. शिवाय ही ऊब नेहमी चांगलीच असते असे नाही. आमच्याकडे तंबाखूला ओल लागली की पोती आतून तापतात आणि वखारीत जो वास सुटतो त्याला आम्ही उबट वास म्हणतो. धान्य उबते, कपडे उबतात, आणि माणसाला उबग येतो तोही त्याच कुळातला. पुस्तकावर असा शब्द का लावून घ्यावा?

जुनी पोथी
‘उबग’ त्या कुळातला नाही. तो ‘उद्वेग’ या संस्कृत शब्दावरून आलेला आहे आणि त्याचा उष्णतेशी काही संबंध नाही. उबट वासाचे उदाहरण मात्र मला मान्य आहे. ‘ऊबदार’ला माझाही विरोध आहे, पण चुकीच्या व्युत्पत्तीच्या आधारावर नको.

निपाणीकर
कोशात काहीही असो, बोलणाऱ्याच्या मनात हे दोन्ही शब्द शेजारी राहतात, आणि मुखपृष्ठ वाचणारा मनुष्य कोश उघडून बसत नाही.

सह्यपायथा
‘घरगुती रहस्यकथा’ का चालू नये? अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९८९ पासून याच परंपरेतील लेखक-वाचकांचे संमेलन भरते आणि त्याचे नावच ‘मॅलिस डोमेस्टिक’ आहे. तेथे अगाथा ख्रिस्तींच्या नावाने पुरस्कार दिले जातात. ज्यांच्याकडून हा प्रकार आपण घेतला त्यांनीच ‘घरगुती’ म्हटले असेल तर आपण वेगळा शब्द शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

जुनी पोथी
ते शब्द शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातील आहेत. तेथे ‘डोमेस्टिक’चा अर्थ घरातला असा नसून राज्यातला, अंतर्गत असा आहे; लगेच पुढे परकीय सैन्याचा उल्लेख येतो. संमेलनवाल्यांनी तो शब्द घराकडे वळवून घेतला हे त्यांचे चातुर्य आहे, परंतु मराठीत ‘घरगुती’ म्हटले की एक तर मसाला आठवतो किंवा घरगुती भांडण. सासू-सुनेच्या वादाची कथा समजून कोणी पुस्तक विकत घेतले, तर त्याचीही निराशा आणि लेखिकेचीही.

शहापूर-माहेर
माझे माहेर शहापूर आणि सासर पुणे असल्याने मला यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुण्यात गल्ली म्हणजे अरुंद रस्ता. बेळगावात तसे नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, नार्वेकर गल्ली ही नुसती रस्त्यांची नावे नाहीत. गल्लीला पंच असतात, गल्लीचा गणपती असतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत गल्लीचा चित्ररथ असतो आणि वर्गणी कोणी किती दिली हे सगळ्यांना ठाऊक असते. इंग्रजी कादंबऱ्यांत जे काम खेडे करते तेच काम आपल्याकडे गल्ली करते. ख्रिस्तींच्या हौशी गुन्हेशोधक मिस मार्पल यांच्या पहिल्या कादंबरीत, १९३० साली, खून पाद्रीबाबांच्या घरी होतो आणि त्या शेजारी राहतात म्हणूनच त्यांना कोण कधी आले-गेले ते दिसते. या प्रकारच्या लेखनाचा प्राण ऊब नसून शेजार आहे. म्हणून मी ‘गल्लीतील रहस्यकथा’ असे सुचवीन.

सह्यपायथा
बेळगावाबाहेरचा वाचक ‘गल्ली’ वाचून गुंडांची कथा समजेल. चित्रपटांनी त्या शब्दाचे तेवढे नुकसान केलेले आहे.

दोन शाळा
माझे प्राथमिक शिक्षण मराठीत आणि पुढचे कन्नडात झाले, म्हणून एक सुचवतो. कन्नडात अशा पुस्तकांना ‘पत्तेदारी कादंबरी’ म्हणतात आणि शोध घेणाऱ्याला ‘पत्तेदार’. दीर्घ कथेला ‘कादंबरी’ म्हणण्याची रीत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहे. दोघींनी बाणभट्टाच्या नायिकेचे नाव साहित्यप्रकाराला दिले, तर हिंदीने ‘उपन्यास’ घेतला आणि गुजरातीने ‘नवलकथा’. आता ‘पत्तेदार’ पाहा. कन्नडातील क्रियापद आहे ‘पत्ते हच्चु’, आणि ‘हच्चु’ म्हणजे लावणे. दिवा लावण्यालाही ‘दीप हच्चु’ म्हणतात. म्हणजे हा शब्दशः आपला ‘पत्ता लावणे’च झाला. ‘गुप्तहेर’ शब्दात राजाचा पगार आहे, ‘डिटेक्टिव्ह’मध्ये कार्यालयाची पाटी आहे. लोणची घालणाऱ्या बाईंना ‘पत्तेदार’ हाच शब्द शोभेल.

जुनी पोथी
१९४६ साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या गावातील मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर कन्नडातून उचललेला शब्द छापावा, हे मला मनापासून दुःखद वाटते. सीमाभागात मराठी पाट्यांसाठी माणसे अजून झगडत आहेत. ‘शोधकथा’ हा स्वच्छ, सर्वांना कळणारा मराठी शब्द आपल्याकडे आहे. तो का घेऊ नये?

दोन शाळा
त्या झगड्यात आमचेही घर आहे, म्हणून आदराने लिहितो. आपल्या पानाच्या तबकातील अडकित्ता कन्नडातूनच आलेला आहे आणि त्यामुळे कोणाची मराठी पातळ झाली नाही. उलट ‘पत्ता’ हा येथून तिकडे गेलेला आपलाच शब्द परत येत आहे.

जुनी पोथी
‘आपलाच’ म्हणण्याची घाई करू नये. ‘पता’ हिंदीतही आहे, आणि मराठी व कन्नड या दोघींनी तो उत्तरेकडून स्वतंत्रपणे घेतला असणे शक्य आहे.

शहापूर-माहेर
व्युत्पत्ती काहीही निघो, पुण्यात ‘पत्तेदार’ म्हटले तर लोक रमी खेळणारा समजतील. माझ्या सासरी तरी हेच होईल. आणि ‘शोधकथा’ ऐकून वैज्ञानिकांच्या चरित्रांची आठवण होते.

मलप्रभाकाठ
सर्वांचे आभार. ‘शेजार’ हा मुद्दा मला फार पटला आणि नायिकेला एका प्रकरणात तिची कन्नडभाषक शेजारीण ‘पत्तेदार’ म्हणून हाक मारते असे मी कालच लिहून घेतले आहे. मुखपृष्ठाचे मात्र अडलेलेच आहे, आणि प्रकाशकांना या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे.

निपाणीकर
‘पत्तेदार’ हा शब्द मी लहानपणी चिकोडीच्या बाजारात मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी ऐकलेला आहे, हरवलेली म्हैस शोधून देणाऱ्या माणसासाठी. तेव्हा तो केवळ कन्नड आहे असे म्हणता येणार नाही.

जुनी पोथी
म्हैस शोधणाऱ्याला आमच्याकडे ‘मागकरी’ म्हणत असत. चिकोडीकडच्या आणखी कोणी ‘पत्तेदार’ ऐकला असल्यास कोणत्या गावी आणि कोणाच्या तोंडी, तेवढे कृपया लिहावे.