राज्यशास्त्रात पीएचडी: सांगली-साताऱ्यातून कोणते सेमिनार खरंच करावेत?

विश्रामबागकर: नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएचडीला नोंदणी आहे, कोर्सवर्क झालंय. विषय: सांगली जिल्हा परिषदेतल्या महिला सदस्यांचा निर्णयातला वाटा. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे रजा घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले. व्हॉट्सॲपवर सारखी परिषदांची पत्रकं येतात, नोंदणी शुल्क भरा आणि प्रमाणपत्र घ्या. यातलं काय करावं, काय सोडावं? गाईड चांगले आहेत, पण त्यांच्याकडे विद्यार्थी पुष्कळ.

अजिंक्यतारा_सातारा: ताई, एकच कसोटी लावा. तिथे तुमचं लिखाण कोणी आधी वाचून येणार आहे का? एका दुपारी चाळीस पेपर आणि प्रत्येकाला पाच मिनिटं, अशा ठिकाणी पैसे घालवू नका.

रजा खर्च करायचीच तर आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) अनुदानातून होणाऱ्या दहा दिवसांच्या संशोधन पद्धती कार्यशाळेवर करा. त्या वेगवेगळ्या विद्यापीठांत होतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. अर्जात 'महिला सक्षमीकरणाचा अभ्यास' असलं मोघम लिहू नका. पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली, महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचं आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं, हे निवड करणाऱ्यांना पाठ असतं. तुम्ही कोणाला भेटणार, कोणती कागदपत्रं बघणार, ते चार ओळींत सांगा. प्रश्नावली भरून घेणार असाल तर दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या, निवडणूक-सर्वेक्षणं करणाऱ्या 'लोकनीती'ची उन्हाळी कार्यशाळाही बघा. सर्वेक्षणाची आकडेवारी कशी वाचायची हे तिथे शिकवतात, आणि आपल्याकडे बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

कराडचा_वाचक: प्रकाशनाबद्दल एक सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट केंद्रीय पातळीवर राहिलेली नाही. विद्यापीठाचं ताजं परिपत्रक मात्र बघून घ्या. त्यामुळे 'पैसे भरा, आठ दिवसांत छापतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मराठीत नीट लिहिलेला लेख 'समाज प्रबोधन पत्रिके'सारख्या ठिकाणी पाठवा. वेळ लागेल, पण मुलाखतीत त्यावर बोलता येतं.

विश्रामबागकर: मनापासून आभार. पण वर्षभर लिखाण वाचून दाखवायला इथे माणसंच नाहीत, त्याचं काय?

अजिंक्यतारा_सातारा: माणसं आहेत, एकत्र येत नाहीत एवढंच. आम्ही साताऱ्यात महिन्यातून एका रविवारी बसतो. राज्यशास्त्राचे, इतिहासाचे, एक अर्थशास्त्राची. एकाने पंधरा पानं चार दिवस आधी पाठवायची, बाकीच्यांनी वाचूनच यायचं. लिहिणाऱ्याने पहिला अर्धा तास गप्प राहायचं, ही अट आम्ही कटाक्षाने पाळतो. नाहीतर तो खुलासेच करत बसतो आणि पानावर काय उतरलंय ते कळतच नाही.

तुमच्याच विषयावर पहिला प्रश्न काय येईल सांगू? २०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. मग तुमच्या बैठकांच्या नोंदी कुठल्या काळातल्या? आणि सभेच्या इतिवृत्तात बाईंचं नाव सूचक म्हणून आलं, म्हणजे त्या बोलल्या असं धरायचं का? दोनशे लोकांच्या परिषदेत हे कोणी विचारत नाही हो. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मात्र विचारतात.

मिरजकर: हे इतिवृत्ताचं अगदी खरं. विषय समितीची इतिवृत्तंही मागवा, सर्वसाधारण सभेपेक्षा तिथे चर्चा जास्त सापडते. आणि पुण्याला गेलात तर गोखले संस्थेच्या ग्रंथालयात एक दिवस काढाच.

विश्रामबागकर: सूचक-अनुमोदकाचं डोक्यातच आलं नव्हतं. तिसरं प्रकरण अर्धं झालंय, तेवढंच घेऊन आले तर चालेल का?

अजिंक्यतारा_सातारा: चालेल. सोबत कोरी प्रश्नावलीही पाठवा, आधी तीच वाचू. आणि सांगली-मिरजेतले अजून दोघं-तिघं असतील तर त्यांनाही घेऊन या. पुढची बैठक मग कराडला घेऊ, दोन्हीकडच्यांना सोयीचं.