गण महिलेसाठी सुटलाय. आयर्लंडच्या हॉली केर्न्सबद्दल कोणी नीट सांगेल का?

दुधनाकाठची (ता. सेलू, जि. परभणी)

आमचा पंचायत समितीचा गण (मतदारसंघ) यंदा महिला राखीव सुटलाय. चुलते म्हणतात, "तू शिकलेली आहेस, नाव तुझं लावू, बाकीचं आम्ही बघतो." हे "बाकीचं" मला खटकतंय.

माझं वय 26, परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलंय, घरची शेती बघते. घराण्यात आजवर कोणी साधा ग्रामपंचायत सदस्यही नाही. गावात माझी ओळख एकाच कामाची. मृगाआधी लोक घरचं सोयाबीन बियाणं तपासायला घेऊन येतात. 100 दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. 70 च्या वर चांगले कोंब निघाले तर खुशाल पेरा म्हणते. कमी निघाले तर बियाणं वाढवा, फारच कमी असले तर बदला. त्यामुळं कोणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. पण तेवढ्यावर निवडणूक लढवता येते का?

मैत्रिणीनं हॉली केर्न्सचं नाव सांगितलं. जन्म 1989 चा, शेती करणारी, आईचा बियाण्यांचा व्यवसाय, आणि 33 व्या वर्षी पक्षाची प्रमुख. ती इथवर कशी पोचली?

उदगीर_ते_कॉर्क

अगं, मी उदगीरची, इथे आयर्लंडमध्ये नर्स आहे. 2019 ला मी बँट्रीला राहत होते, म्हणजे तिच्याच भागात. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही, रहिवासी असलं की मत देता येतं. म्हणून जे पाहिलं ते सांगते.

तिची सुरुवात निवडणुकीतून झालीच नाही. 2012 मध्ये सविता हलप्पनवार ही बेळगावची दंतवैद्य मुलगी गॉलवेच्या रुग्णालयात वारली. गर्भ वाचणार नाही हे कळलेलं होतं, पण गर्भपात नाकारला आणि तिला सेप्सिस (जीवघेणा जंतुसंसर्ग) झाला. आम्ही बाहेरून आलेल्या नर्सेस ते अजून विसरलेलो नाही. गर्भपातबंदीचं कलम तेव्हा राज्यघटनेतच होतं. 2018 च्या मे महिन्यात ते काढायला सार्वमत झालं आणि 66.4 टक्के लोकांनी काढा म्हणून सांगितलं. हॉली त्या मोहिमेत वेस्ट कॉर्कच्या खेड्यापाड्यांत दारोदार फिरली. हा विषय घेऊन अनोळखी म्हाताऱ्या शेतकऱ्याचं दार वाजवायचं, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग आपलं म्हणणं मांडायचं. तिची शाळा ती.

पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट्स या लहान पक्षाकडून ती कॉर्क काउंटी कौन्सिलला, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेला, उभी राहिली. इथे मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितात, 1, 2, 3 असा. ज्याला लोळवायचं त्याला खाली टाकतात आणि बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. मी तिला 2 नंबर दिला होता. फेरमोजणी झाली आणि ती एका मतानं निवडून आली. एका मतानं! त्या दिवसापासून मी मतदान चुकवलेलं नाही.

2020 च्या फेब्रुवारीत ती संसदेत, म्हणजे डॉलमध्ये गेली. मतदारसंघ कॉर्क साउथ-वेस्ट, जागा फक्त तीन. 1 मार्च 2023 ला बिनविरोध पक्षप्रमुख झाली. 29 नोव्हेंबर 2024 ला सार्वत्रिक निवडणूक होती आणि मतदानाच्याच दिवशी तिला मुलगी झाली. पक्षाचे 6 चे 11 खासदार झाले. ती रजेवर असताना पक्ष किअन ओ'कॅलहन या सहकाऱ्यानं सांभाळला आणि नंतर ती परत खुर्चीवर आली. हे मला फार मोठं वाटतं, कारण आपल्याकडे बाळंतपणाला गेलेल्या बाईची खुर्ची कोणीतरी "तात्पुरती" घेतं आणि ती परत मिळत नाही.

बियाण्याचं म्हणशील तर स्किबरीनजवळ तिच्या आईचं सेंद्रिय बियाणं आहे, भाजीपाल्याचं, धान्याचं, सगळे सरळ वाण. शेतकऱ्यानं पुढच्या वर्षी आपलंच बी धरावं असे. तुझ्या गोणपाटाशी तिचं लगेच जमेल.

आणि एक गोष्ट लपवत नाही. ऑनलाइन त्रास देणारा एक माणूस पुढे तिच्या घरापर्यंत यायला लागला होता. तिनं ते जाहीरपणे सांगितलं. तुला असं काही झालं तर पहिल्याच दिवशी घरच्यांना आणि पोलिसांना सांग.

औसेकर

उदाहरण चांगलं आहे, पण ताई, आपल्याकडे एकच बटण असतं. दुसऱ्या पसंतीवर इथे कोणी तरत नाही. म्हणून गणातल्या प्रत्येक गावात तुमची माणसं लागतील.

त्याच बेटावरची बर्नाडेट डेव्हलिनही वाचा. उत्तर आयर्लंडमधली विद्यार्थिनी, आईवडील वारलेले. 1969 च्या पोटनिवडणुकीत 21 व्या वर्षी ब्रिटिश संसदेत गेली. 1972 मध्ये तिथल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून एका दिवसात 13 जण मारले. ती तिथं हजर होती, तरी दुसऱ्या दिवशी संसदेत तिला बोलू दिलं नाही. तिनं सरळ जाऊन गृहमंत्री मॉडलिंगच्या थोबाडीत मारली. मला तिच्याबद्दल फार आदर आहे. पण 1974 ला तिच्याच बाजूची मतं फुटली आणि जागा गेली. धाडस होतं, बांधणी कमी पडली, असं माझं मत.

माजी_सरपंच_कळंब

पोरी, तिकडं आयर्लंडमध्ये उमेदवारीत बायका किती असाव्यात एवढाच कायदा, तोही संसदेपुरता. 2012 ला 30 टक्के केला, 2023 पासून 40. कौन्सिलला तसलं काही नव्हतं, हॉलीनं उघड्या जागेवर लढून घेतली. आपल्याला अर्ध्या जागा कायद्यानं मिळाल्यात. मिळालेली जागा दुसऱ्याच्या हातात देऊ नको.

मी सरपंच झाले तेव्हा मालक खुर्चीवर आणि मी भिंतीला टेकून. ग्रामसेवक प्रोसिडिंगची (ठरावांची) वही घरी पाठवायचा, चुलीपुढं सही. एकदा मी वही ठेवून घेतली आणि रात्री सगळे ठराव वाचले. पाणंद रस्त्याचा ठराव होता, ज्याची चर्चाच झाली नव्हती. सकाळी वही घेऊन स्वतः कार्यालयात गेले आणि खुर्चीवर बसले. मालक आठ दिवस बोलले नाहीत. नंतर तेच लोकांना सांगायचे, "तिला विचारा."

तुला एकच सांगते, कोऱ्या पानावर सही करायची नाही, चुलता असो की बाप.

दुधनाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चुलत्यांना सांगितलं, उभी राहते, पण गावोगाव मीच फिरणार आणि कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही. ते काही न बोलता उठून गेले. आई म्हणाली, "पहिल्या गावाला मी येते तुझ्यासंगं."

गणाची मतदार यादी कुठं मिळते?

माजी_सरपंच_कळंब

तहसीलला, निवडणूक शाखेत. विधानसभेच्या यादीवरूनच ती फोडतात. आपल्या गावातली नावं चुकून शेजारच्या गणात गेली असतील तर मुदतीत हरकत दे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको.