पार्सल व्हॅनचं ट्रेनिंग: गाडी तर येते, मग लोक पहिल्याच आठवड्यात का गळतात?

कऱ्हाडी_गाडी
पुण्यात एका डिलिव्हरी हबला व्हॅन ड्रायव्हर म्हणून सोमवारपासून ट्रेनिंग आहे. दोन दिवस हबमध्ये, पुढचे पाच दिवस जुन्या ड्रायव्हरबरोबर. गाडी टाटा एस, सीएनजी, पिवळी पाटी. एरिया पेठा आणि सिंहगड रोड. लायसन्स एलएमव्हीचं (हलक्या मोटारगाडीचं) आहे, घाटातही गाडी चालवतो. तीन प्रश्न:
१) पिवळ्या पाटीला बॅज (व्यावसायिक ड्रायव्हरचा बिल्ला) लागतो का? एजंट चार हजार मागतोय.
२) एवढी माणसं पहिल्याच आठवड्यात का सोडतात?
३) सीओडीत (पार्सल देताना ग्राहकाकडून घ्यायचे पैसे) पैसे कमी पडले तर कोण भरतं?

पासिंगवाला
बॅज लागत नाही, एजंटला एक रुपया देऊ नका. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही चालतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हेच पुन्हा पक्कं केलंय, आणि छोटा हत्ती (म्हणजे तुमची टाटा एस) त्या वजनाच्या आसपासही जात नाही. काही कंपन्यांच्या जुन्या फॉर्मवर अजून 'ट्रान्सपोर्ट' असा रकाना असतो, तिथे थेट एचआरला विचारा. नोकरी लावतो म्हणून 'डिपॉझिट' मागणारा कोणीही असो, फसवणूक समजा.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज आजच ऑनलाइन करून ठेवा. ट्रेनिंग संपतं आणि माणूस त्या एका कागदासाठी घरी बसतो.

गाडी ताब्यात घेताना विमा, पीयूसी आणि फिटनेसच्या तारखा स्वतः वाचा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी असते, तिची तारीख उलटलेली असली तर पंपावर गॅस भरून देत नाहीत. परमिट दिसलं नाही तर घाबरू नका, ३,००० किलोच्या आतल्या मालगाडीला ते लागत नाही.

डॉक_नंबर_तीन
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: गाडीमुळे कोणी गळत नाही, मोजणीमुळे गळतात.

सकाळचा क्रम बघा. बॅगा उघडून प्रत्येक पार्सल इनस्कॅन होतं, म्हणजे हबला आल्याची नोंद होते. मग तुमच्या रूटची रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी निघते. मग तुम्ही तुमच्या हँडहेल्डने (हातातल्या स्कॅनरने) एकेक पार्सल आउटस्कॅन करून, म्हणजे बाहेर नेत असल्याची नोंद करून गाडीत भरता. रनशीटवर ८४ आणि हातात ८३, हे आठवड्यातून एकदा तरी होणारच. मागे ट्रॉलीखाली सरकलेलं असतं, नाहीतर शेजारच्या रूटच्या पिंजऱ्यात गेलेलं असतं. नवीन माणूस 'मिळेल गाडीत' म्हणून निघतो. त्याने स्वीकार दाबला की ते ८४ वं पार्सल त्याच्या नावावर हरवलं. मोजणी जुळेपर्यंत गेट सोडायचं नाही. टीएल (टीम लीडर) ओरडला तर ओरडू दे, त्याच्या पगारातून कापत नाहीत. उलटही होतं: गाडीत आहे पण स्कॅन झालेलं नाही. ते ग्राहकाच्या दारात कळतं, आणि अ‍ॅपमध्ये एंट्रीच नसल्यामुळे देताही येत नाही.

आता भरणं. शेवटचा स्टॉप आधी आत, पहिला स्टॉप दाराशी. जाड मार्करने स्टॉपचा नंबर दोन बाजूंना टाका, एक वरच्या आणि एक दाराकडे येणाऱ्या. पत्त्याचं लेबल वाचत बसू नका. जड खोकी खाली आणि केबिनच्या भिंतीला चिकटवून, भले त्यांचा नंबर मधला असो. ब्रेक मारल्यावर पंधरा किलोची पिठाची गोणी मोबाइलच्या खोक्यावर येते, आणि 'डॅमेज'चा फोटो तुमच्या नावावर लागतो. पाकिटं आणि छोट्या पिशव्या पार्सलांत मिसळू नका. वीस-वीसच्या गठ्ठ्याने क्रेटमध्ये लावून क्रेट शेजारच्या सीटवर ठेवा.

हिशेब असा: आठ तासांत ६० स्टॉप म्हणजे स्टॉपला आठ मिनिटं, त्यात गाडी चालवणंही आलं. प्रत्येक स्टॉपला एक मिनिट खोकं शोधण्यात गेलं की तास गेला. सकाळी भरायला वीस मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

एक बारीक गोष्ट: लेबल थर्मल कागदाचं असतं. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेलं पाकीट दुपारपर्यंत काळं पडतं आणि बारकोड वाचत नाही. लेबलवर चकचकीत टेप असेल तर स्कॅनर थोडा तिरका धरा. तरीही नाही झालं तर एडब्ल्यूबी नंबर (लेबलवरचा पार्सलचा नंबर) हाताने टाका, पण आकडे दोनदा वाचून.

सही_आणि_ओटीपी
सीओडीचं सांगतो. कमी पडले तर बहुतेक ठिकाणी तुमच्याकडूनच वसूल होतात. जॉइन करताना करारात ते कलम शोधा, कारण कोणत्या महिन्यात किती कापणार हे तिथेच लिहिलेलं असतं.

नोटा ग्राहकासमोर मोजा, मागे वळून नाही. सुट्यासाठी दहा-वीसच्या नोटा घरून न्या आणि वेगळ्या खिशात ठेवा. कलेक्शनच्या पाऊचमधून सुटे दिले की संध्याकाळी हिशेब लागत नाही. यूपीआय असेल तर ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट धरू नका. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'पेड' दिसल्याशिवाय खोकं हातातून सोडायचं नाही. हबवर जमा करताना पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, असं चिठ्ठीवर लिहून त्याचा फोटो काढा.

ओटीपी फोनवर आधीच मागून ठेवू नका. पार्सल दारात, मग ओटीपी. आणि गल्लीच्या तोंडावरून 'ग्राहक उपलब्ध नाही' टाकायचा मोह होईल. अ‍ॅप तुमचं लोकेशन आणि कॉलची नोंद दोन्ही बघतं, आणि खोटा अटेम्प्ट पकडला की ट्रेनिंगमध्येच नारळ मिळतो.

परत घ्यायच्या मालात सगळ्यात जास्त फसगत. मोबाइल असेल तर चालू करून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. येणारा आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) आणि अ‍ॅपवरचा जुळला तरच घ्या. शर्टाचा टॅग, बुटांचा साइझ, दोन्ही पाय एकाच जोडीचे आहेत का, हेही बघा. ग्राहक चिडतो. चिडू द्या, 'क्यूसी फेल' (तपासणीत नापास) टाकून नम्रपणे निघा.

बोळ_क्रमांक_दोन
पेठांबद्दल. लक्ष्मी रोड, बाजीराव रोड, शिवाजी रोड एकेरी आहेत. एक घर चुकलं की पूर्ण वळसा. म्हणून अ‍ॅपने दिलेला क्रम पेठेत डोळे झाकून पाळू नका, एकेरीच्या दिशेने लावून घ्या. घरनंबर रस्त्याच्या ओळीने सापडतीलच असं नाही. वाड्याचं नाव, जवळचं मंदिर, खालचं दुकान विचारा. दुकानांची पार्सलं एकच्या आत संपवा. एक ते चार हा विनोद नाही, तिथे तो रूटप्लॅन आहे.

व्हॅन एका मोकळ्या जागी लावून आसपासची आठ-दहा घरं पायी उरकायची. सम-विषम तारखेची पाटी बघितल्याशिवाय गाडी लावू नका. उतरताना दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप मागे वळतं आणि येणारा दुचाकीवाला दिसतो. मागे काच नसते, त्यामुळे बोळात रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून एकदा बघा. आरशात पायरी आणि बसलेलं कुत्रं दिसत नाही.

सिंहगड रोडला अडचण वेगळी, गेटवरची परवानगी. एका सोसायटीची बारा पार्सलं असतील तर गाडीतूनच सगळ्यांना फोन करून मंजुरी घ्या. मग लिफ्टने सगळ्यात वर जा आणि देत देत जिन्याने खाली या. वीस किलोच्या वर खोकं असेल तर ट्रॉली, आणि उचलताना गुडघ्यातून वाका.

कऱ्हाडी_गाडी
खूप कामाचं. एकच शंका: टीएल म्हणाला, 'तीन अटेम्प्टनंतर आरटीओ'. ते काय?

डॉक_नंबर_तीन
तुमचं लायसन्सवालं आरटीओ नाही. 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे माल विक्रेत्याकडे परत. संध्याकाळी न दिलेलं प्रत्येक पार्सल कारणासह स्कॅन करून हबला उतरवायचं. गाडीत रात्रभर ठेवलं तर सकाळी ते शॉर्ट, म्हणजे मोजणीत कमी दिसतं.

पासिंगवाला
जाता जाता: बँकेत पीएम सुरक्षा विमा घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. कंपनीचा विमा कोणत्या दिवसापासून लागू होतो ते ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी ते पाच दिवस त्यात धरत नाहीत.