समुपदेशकाने सेशनच्या नोंदी ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये ठेवाव्यात का?

रानजाई:

नऊ वर्षं एका संस्थेत नोकरी केल्यावर गेल्या दिवाळीपासून पुण्यात स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आहे. एक खोली, दोन खुर्च्या, रिसेप्शनिस्ट नाही. आठवड्याला अठरा-वीस सेशन्स होतात.

गेल्या दोन महिन्यांत तीन कंपन्यांचे डेमो पाहिले. अपॉइंटमेंट, आठवण करून देणारे मेसेज, बिलं, व्हिडिओ कॉल, केस नोट्स, सगळं एकाच लॉगिनमध्ये. तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला: माझ्या नोंदी तुमच्याकडे कोणाकोणाला वाचता येतात? एकाने सांगितलं, ‘सगळं एन्क्रिप्टेड आहे मॅडम.’ तो सांकेतिक मजकूर उघडायची किल्ली कोणाकडे असते, असं विचारल्यावर ‘टेक्निकल टीमला विचारून सांगतो’ म्हणाला. अजून फोन आलेला नाही.

माझं मत आता पक्कं झालं आहे. वेळापत्रक आणि बिलं सॉफ्टवेअरमध्ये खुशाल ठेवा, पण सेशनच्या नोंदी इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही यंत्रावर असू नयेत.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या डेटाबेसमधून पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये उघड झालं. चोराने आधी कंपनीकडे ४० बिटकॉइन मागितले. ते मिळेनात म्हणून त्याने थेट पेशंटना ईमेल पाठवले: चोवीस तासांत २०० युरो भरा, उशीर झाला तर ५००, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला सांगितलेलं सगळं जगजाहीर करू. सुमारे ३३,००० माणसांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, आरोपीला २०२४ मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. पण कार्ड चोरीला गेलं तर बँक नवीन देते. लहानपणी काकाने काय केलं हे कोणी आयुष्यात एकदाच बोललं असेल आणि तेच बाहेर गेलं, तर आपण त्या माणसाला काय देणार आहोत?

माझी सोय अशी आहे. एक जुना लॅपटॉप, त्याचं वायफाय कायमचं बंद. नोंदी व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमने कुलूपबंद केलेल्या फोल्डरमध्ये, एक प्रत पेनड्राइव्हवर. क्लायंटला क्रमांक, आणि क्रमांक कोणाचा हे फक्त कागदी डायरीत. कॅलेंडरमध्येही क्रमांकच. व्हिडिओ कॉलसाठी मात्र पैसे भरून खातं घेतलं. फुकटच्या खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा होती आणि आपलं सेशन ५० मिनिटांचं. एक मुलगी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलायला लागली आणि वाक्याच्या मध्येच स्क्रीन काळी झाली. पुन्हा जोडून घेतलं तेव्हा ती ‘जाऊ दे ताई, पुढच्या वेळी’ म्हणाली. तो विषय पुन्हा निघायला सात आठवडे लागले.

अशी प्रॅक्टिस चालवणाऱ्यांची मतं हवी आहेत. विरोधी असली तर जास्तच.

कृष्णाकाठ:

रानजाई, मी सांगलीत प्रॅक्टिस करतो आणि तुमच्याशी पूर्ण असहमत आहे.

माझ्याही नोंदी इंटरनेटवर नव्हत्या. चौदा वर्षांच्या वह्या लोखंडी कपाटात होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर वह्या फुगून एकमेकींत अडकलेल्या. गच्चीवर पानं सुटी करून वाळत घातली. बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता आलं. जेल पेनने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे डाग.

पुढच्या महिन्यात एक बाई आल्या, दोन वर्षांनी. त्यांना मी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ त्यांच्या भावाने आत्महत्या केली होती आणि ते त्यांनी मला आधी तीन सेशन्स सांगितलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरू शकत नाही.

गोपनीयता हे आपलं कर्तव्य आहेच, पण नोंद जपणं हेही कर्तव्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे आणि पेशंटला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क कलम २५ मध्ये. तुमचा लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच घरात असतील, तर तुमचं कपाट माझ्यासारखंच तळमजल्यावर आहे असं समजा. मी पुरानंतर पैसे भरून ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं आणि आता शांत झोपतो.

ओसरी:

मी समुपदेशक नाही, क्लायंट आहे. तुमच्या चर्चेत माझ्या बाजूची गोष्ट राहून जाते आहे, म्हणून लिहिते.

माझ्या नोंदी कुठे आहेत याची मला कधी भीती वाटली नाही. मला अडचणीत आणलं ते मेसेजने. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला होता, मी आंघोळीला गेले होते. स्क्रीनवर आलं: ‘उद्या सायं. ५ वाजता आपले विवाह समुपदेशन सेशन आहे’, खाली केंद्राचं नाव. सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी वाचलं, संध्याकाळी नवऱ्यानेही ऐकलं. त्यानंतर चार महिने मी गेले नाही.

सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलं होतं. मजकूर काय असावा हे मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. तीच गोष्ट पैशांची. आमचं खातं जॉइंट आहे आणि यूपीआयने पैसे दिले की स्टेटमेंटमध्ये केंद्राचं नाव छापून येतं.

आताच्या ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं: फोन कोणाच्या हातात असतो? मेसेज कधी आलेला चालेल? काय लिहू? मला फक्त ‘उद्या ५’ असा मेसेज येतो. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पण त्यात प्रत्येक क्लायंटसाठी मेसेज वेगळा लिहिता किंवा बंद करता येतो का, ते आधी बघा.

हडसनपार:

न्यू जर्सीत बारा वर्षं थेरपिस्ट आहे. इथे वर्गणी भरून असं सगळं-एकात सॉफ्टवेअर वापरणं अगदी सर्रास आहे, आणि रानजाईंचा विरोध मला अर्धाच पटतो.

इथल्या हिपा कायद्यानुसार आरोग्याची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीला माझ्याशी लेखी करार करावा लागतो. करार नाही तर मी ते सॉफ्टवेअर वापरायचं नाही. आणि कोणती फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद त्यात राहते. रानजाई, तुमच्या घरच्या लॅपटॉपवर ती राहते का? पासवर्ड कोणी तुमच्या पाठीमागे उभं राहून पाहिला तर तुम्हाला कधीच कळणार नाही.

करार म्हणजे कवच नव्हे, हेही खरं. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांच्यापर्यंत पोचवली, असा इथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाचा, आरोप होता. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायचं ठरून ते प्रकरण मिटलं.

पण हिपामधली एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. अधिकृत नोंद वेगळी: तारीख, उद्दिष्ट, धोका आहे का, पुढे काय. आणि थेरपिस्टची स्वतःची टिपणं वेगळी. ती बाकीच्या फाइलपासून निराळी ठेवली तर त्यांना जास्त संरक्षण मिळतं. मी पहिली सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. ‘काका’, ‘वडील’, ‘भाऊ’ यांच्याबद्दलचे तपशील दुसरीत, माझ्याकडे. दोन्ही एकाच जागी ठेवायचा हट्ट कशाला?

तिन्हीसांजा:

सगळे चोरीबद्दल बोलताहेत, थकव्याबद्दल कोणी बोलत नाही. ठाण्यात दिवसाला सात सेशन्स घेते. नोंदी लिहायला बसते तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि सकाळच्या माणसाचं दुपारच्या माणसात मिसळायला लागतं. तीन महिन्यांपासून एआयचं टूल वापरते. ते सेशन ऐकतं आणि मसुदा तयार करतं. क्लायंटची लेखी संमती घेते. माझ्या नोंदी आता जास्त अचूक आहेत आणि मी समोरच्या माणसाकडे बघू शकते, पॅडकडे नाही. हा फायदा क्लायंटचाच नाही का?

रानजाई:

कृष्णाकाठ, तुमचं पटलं. दुसरा पेनड्राइव्ह या रविवारी नाशिकला बहिणीकडे जाईल, कुलूपबंद करूनच. ओसरी, तुमचा प्रश्न उद्यापासून माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर असेल. हडसनपार, दोन नोंदी वेगळ्या ठेवण्याचं मान्य. पण आपल्याकडची कंपनी तसा करार देईपर्यंत पहिली नोंदही माझ्या लॅपटॉपवरच राहील.

तिन्हीसांजा, थकव्याचं अगदी खरं आहे, पण इथे मी ठाम विरोधात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं आहे. पहिल्या भेटीत, तीन रात्री न झोपलेला माणूस तुम्ही पुढे केलेल्या कागदाला नाही म्हणेल का? तो तर तुम्ही नाराज होऊ नये म्हणून सही करतो. आणि आवाज एकदा सर्व्हरवर गेला की मागे घेणं म्हणजे नक्की काय, हे त्याला तुम्ही तरी समजावून सांगू शकता का? मी दिवसाची एक अपॉइंटमेंट कमी केली. उत्पन्न घटलं. प्रत्येक सेशननंतरची दहा मिनिटं मात्र लिहायला मिळतात.

जुनी पायरी:

रानजाई, एकच विचारते. माझ्या वरिष्ठ सहकारी झोपेतच गेल्या. तीसेक क्लायंट होते. लॅपटॉपचा पासवर्ड फक्त त्यांना माहीत. सोमवारी एक मुलगा ठरलेल्या वेळी आला आणि दारावरच्या कुलपासमोर पाऊण तास उभा राहिला. शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं. बाकीच्यांना आम्ही कळवू शकलो, कारण टेबलावर कागदी अपॉइंटमेंट डायरी होती, नंबरांसकट. तुमच्या कॅलेंडरमध्ये तर नुसते क्रमांक आहेत. तुमचं उद्या काही झालं तर २७ नंबरला कोण फोन करणार?

रानजाई:

याचा मी विचारच केला नव्हता. हे वाचल्यावर उठून आधी संस्थेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला, तीही एकटीच प्रॅक्टिस करते. ठरलं असं: क्रमांकांची यादी आणि पासवर्ड बंद पाकिटात, सही करून, एकमेकींच्या कपाटात. दर सहा महिन्यांनी पाकीट बदलायचं. पाकीट उघडलं तर तिने फक्त फोन करायचे, नोंदी वाचायच्या नाहीत. क्लायंटना हे आधी माहीत असायला हवं म्हणून संमतीपत्रात ही ओळ घालते आहे. काही खटकलं तर सांगा:

‘माझा मृत्यू झाल्यास किंवा मी अचानक काम करू न शकल्यास माझी एक समुपदेशक सहकारी तुमच्याशी संपर्क साधेल. तिला तुमचं नाव आणि नंबर कळेल. ती तुमच्या नोंदी वाचणार नाही. हे मान्य नसल्यास इथे तसं लिहा, म्हणजे तुमचं नाव त्या यादीत असणार नाही.’